वळीवडेच्या छावणीतली शाळा कुणाची होती?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत कोल्हापूरजवळच्या वळीवडे येथील पोलिश निर्वासितांच्या छावणीवर आलेला लेख वाचला. लेखकाने परिश्रम घेतले आहेत आणि कोल्हापूरबाहेरच्या वाचकांना ही हकिकत कळली, याचा आनंदच आहे. तरीही दोनदा वाचल्यावर एक गोष्ट खटकत राहिली, म्हणून हे पत्र लिहीत आहे. लेखातील बहुतेक वाक्यांत कर्ता आपण आहोत. कोल्हापूरने आश्रय दिला, कोल्हापूरने माया लावली, कोल्हापूरने परक्या लेकरांना पोटाशी धरले. यातले खोटे काहीच नाही. पण सुमारे पाच हजार माणसे पंचगंगेच्या काठी पाच वर्षे राहिली, ती काय केवळ आपली माया घेत बसली होती काय? त्या माणसांनी तिथे स्वतः जे उभे केले, त्याला लेखात जेमतेम एक ओळ मिळाली आहे. सप्टेंबर 2019 मध्ये वळीवडे येथे स्मृतिस्तंभ झाला तेव्हाची भाषणे आणि ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातील कोल्हापूर स्मारकाला भेट दिल्यानंतर आलेला मजकूर मी कात्रणे करून ठेवला आहे. त्यातही सूर हाच आहे.

मी माध्यमिक शाळेत तेहतीस वर्षे इतिहास आणि मराठी शिकवले. माझे घर उचगावात, म्हणजे छावणीच्या वेशीवरच म्हणावे इतक्या अंतरावर. त्यामुळे या विषयाकडे मी शिक्षक म्हणूनही पाहतो आणि शेजारी म्हणूनही.

प्रथम हे लोक कोण होते ते थोडक्यात सांगतो. 1939 च्या सप्टेंबरात जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांनी पोलंड वाटून घेतला. रशियाच्या वाट्याला गेलेल्या पूर्व भागातून फेब्रुवारी 1940 पासून कुटुंबेच्या कुटुंबे मालगाड्यांत भरून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेण्यात आली. 1941 च्या जूनमध्ये जर्मनी रशियावर उलटला आणि जुलैअखेर रशिया व लंडनमधील पोलिश सरकार यांच्यात झालेल्या करारामुळे त्यांना मोकळीक मिळाली. 1942 मध्ये एक लाखाहून अधिक पोलिश सैनिक आणि नागरिक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात आले. पुरुष जनरल अँडर्स यांच्या सैन्यात गेले. बायका, मुले आणि म्हातारी माणसे मागे राहिली. त्यांतली काही जहाजाने कराचीला उतरली आणि तिथून आगगाडीने 1943 मध्ये आमच्या वळीवड्याला आली. कराची हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे ते पुन्हा येणार आहे.

आता उपकाराच्या हिशेबाविषयी. जागा करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या हद्दीतली, देखरेख ब्रिटिश हिंदुस्थान सरकारची आणि खर्च मुख्यत्वे लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सरकारचा, अशी ती व्यवस्था होती. सौराष्ट्रातील नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी पुढाकार घेऊन जी सोय केली, तिच्याशी वळीवडेची गल्लत अनेक लेखांत होते. बालाचडीची मुले 1946 मध्ये वळीवड्याला आणण्यात आली, म्हणून ही गल्लत होत असावी. कोल्हापूरकरांनी दिलेली वागणूक चांगली होती आणि ती त्या लोकांनी आयुष्यभर आठवणीत ठेवली, याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. पण ज्यात आपला हात नव्हता त्याचे श्रेय घेऊ नये.

ज्यात आपला हात नव्हता त्यात सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे छावणीतली शाळा. कौलारू बराकींत माणसे अजून नीट स्थिरस्थावर होत होती, तोच तिथे बालवाडी, प्राथमिक शाळा आणि माध्यमिक शाळा सुरू झाल्या. शिकवणाऱ्या बहुतेक बाया होत्या. काहींचे नवरे आघाडीवर होते, काहींचे कुठे आहेत याचा पत्ता नव्हता. समोरच्या मुलांची दोन-तीन वर्षे सायबेरियाच्या उपासमारीत गेलेली, म्हणजे तेराव्या वर्षाचा मुलगा दहाव्या वर्षाच्या मुलाशेजारी बसणार आणि दोघांनाही स्वतःच्या भाषेचे शुद्धलेखन नव्याने शिकावे लागणार. शिक्षकी पेशात आयुष्य घालवलेल्या माणसाला विचारा, असा वर्ग चालवणे म्हणजे काय असते ते. शाळेबरोबर बालवीर आणि वीरबालांची पथके आली, प्रार्थनामंदिर आले, नाटके आली, गायनाचे गट आले, शिवणकाम आले. शाळेत शिकायचे ते दुपारी पथकात वापरायचे, पथकात बसवलेले गाणे संध्याकाळी सगळ्या वस्तीपुढे म्हणायचे, आणि ते ऐकायला आजी-आजोबांपासून सगळे हजर. हल्ली शिक्षणक्षेत्रात 'सामुदायिक शिक्षण' हा शब्द फार ऐकू येतो, त्यावर परिसंवाद होतात, चहा-बिस्किटे होतात. पंचगंगेच्या काठी ते कुणी नाव न देता चालवले होते.

हे त्यांना इतक्या लवकर कसे जमले, या प्रश्नाचे उत्तर पोलंडच्या इतिहासात आहे. 1795 ते 1918 पर्यंत पोलंड नावाचे राज्य नकाशावर नव्हते. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी ते वाटून घेतले होते. त्या काळात रशियाच्या अमलाखालील वॉर्सात घराघरांत चोरून वर्ग भरत आणि पकडले जाऊ नये म्हणून जागा सतत बदलत. त्या 'फिरत्या विद्यापीठा'त शिकलेल्यांपैकी एक नाव आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे, ते म्हणजे मारी क्युरी. राज्य गेले तरी शाळा जाऊ द्यायची नाही, ही सवय त्या समाजाला चार पिढ्यांपासून लागलेली होती. वळीवड्याला आलेल्या बायांनी सामानात काय आणले असेल ते असो, ही सवय मात्र त्यांनी बरोबर आणली होती. आणि ज्या गावाशेजारी त्यांनी ती रुजवली, त्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून जातीजातींची वसतिगृहे उभी करून गरीब घरांतल्या मुलांना एकत्र राहून शिकण्याची वाट करून दिली होती आणि 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचे पाऊल टाकले होते. या दोन परंपरांचा एकमेकींशी थेट संबंध आला असे म्हणण्यास माझ्यापाशी पुरावा नाही. परंतु दहा किलोमीटरच्या आत त्या दोन्ही नांदत होत्या, हे आमच्या जिल्ह्यातल्या किती विद्यार्थ्यांना सांगितले जाते?

या शाळेच्या गोष्टीत एक कडू भागही आहे आणि तो गौरवाच्या भाषणांत गाळला जातो. ती मुले वळीवड्यात ज्या देशाचा भूगोल शिकत होती तो देश त्यांना परत मिळाला नाही. त्यांपैकी बहुतेकांची घरे पूर्व पोलंडात, ल्वूफ, विल्नो या शहरांच्या आसपास होती. 1945 मध्ये याल्टा येथे बड्या राष्ट्रांनी सीमा सरकवल्या आणि तो सारा मुलूख सोव्हिएत संघात गेला. आज त्यातले एक शहर युक्रेनमध्ये आहे आणि दुसरे लिथुएनियाची राजधानी आहे. पाच वर्षे ज्या परतीसाठी तयारी केली तिची वाटच नाहीशी झाली. छावणी 1948 मध्ये उठली तेव्हा कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी कॅनडाला गेले; पोलंडला गेलेले थोडे. मग ते शिक्षण वाया गेले का? मला तसे वाटत नाही. ज्या बाईने घर सोडताना नवऱ्याच्या सावलीबाहेर पाऊल टाकले नव्हते, तिने छावणीत वर्ग चालवला, शिवणाच्या खोलीचा हिशेब ठेवला, सभेत उभे राहून तक्रार मांडली; ती बाई परक्या देशातल्या कारखान्याच्या दारात उभी राहिली तेव्हा पहिल्यासारखी राहिली नव्हती. सामाजिक बदल म्हणतात तो हा, आणि तो कुठल्याही अभ्यासक्रमात छापलेला नव्हता.

संपादक महोदय, आता पत्राच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. पोलिश मंडळी गेल्यावर त्या बराकी ओस पडल्या नाहीत. फाळणीनंतर, आणि विशेषतः जानेवारी 1948 मध्ये कराचीत झालेल्या दंगलीनंतर, सिंधमधील हिंदू लाखोंच्या संख्येने बाहेर पडले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जवळपास लाखभर माणसे राहिली आणि 1949 च्या ऑगस्टमध्ये त्या वसतीला उल्हासनगर हे नाव मिळाले, हे सर्वांना माहीत आहे. पिंपरी, देवळाली येथेही अशाच वसाहती झाल्या. वळीवड्याच्या पोलिश बराकींतही सिंधी कुटुंबे आली आणि त्या जागेचे नाव गांधीनगर झाले. पाच वर्षांपूर्वी पोलिश बायामुले ज्या कराचीहून वळीवड्याला आली, त्याच कराचीच्या बाजूने येऊन दुसरे निर्वासित त्याच कौलांखाली राहू लागले. एवढा विलक्षण योगायोग दुसऱ्या कुठल्या गावाच्या वाट्याला आला असता, तर त्या गावाने त्यावर नाटके लिहिली असती. आपण काय केले? पहिल्या निर्वासितांना 'पाहुणे' म्हटले आणि दुसऱ्यांना 'व्यापारी'.

माझे वडील पंधरा-सोळा वर्षांचे असल्यापासून सायकलवरून छावणीत दूध आणि अंडी घालत. व्यवहाराची वही त्यांनी जपून ठेवली होती आणि ती आज माझ्याकडे आहे. वहीच्या पुढच्या पानांवर देवनागरीत 'म्लेको – दूध', 'यायका – अंडी', 'ख्लेब – पाव' असे शब्द आहेत, खाली 'येदेन, द्वा, त्शी' असे आकडे आहेत. चौथीपर्यंत शिकलेल्या मुलाने गिऱ्हाइकाकडून ऐकून घरी येऊन कंदिलाच्या उजेडात लिहिलेले हे शब्द आहेत; त्याला कुणी शिकवणी लावली नव्हती. काही पाने उलटली की शब्द बदलतात. तिथे 'खीरु – दूध', 'मानी – भाकरी' असे लिहिले आहे. या 'खीरु'ची गंमत वडील पुष्कळदा सांगत. सिंधी कुटुंबे नवीन आली तेव्हा एका आजींनी त्यांना खीरु मागितले. यांना वाटले खीर मागताहेत, म्हणून यांनी 'आजी, आमच्याकडे खीर सणालाच होते' असे सांगितले आणि भरलेल्या कासंडीसह पुढे निघाले. आजी मागून ओरडत आल्या. पुढे त्या आजींच्या नातवंडांनी वडिलांना 'काका' म्हणायला सुरुवात केली आणि आमच्या लग्नकार्यात त्यांच्या घरचे पापड येऊ लागले, ते आजतागायत येतात.

ही हकिकत घरगुती आहे, पण तिच्यात मला जे दिसते ते स्मृतिस्तंभावरील मजकुरात दिसत नाही. शिकणे एका बाजूने होत नव्हते. वडील शिकले, आजी शिकल्या. गांधीनगरच्या कापड बाजारात आज कोकणातून आणि उत्तर कर्नाटकातून व्यापारी घाऊक खरेदीला येतात. त्या बाजारातील जुन्या दुकानांत नोकरीला लागलेली आमच्या आसपासच्या गावांतली मुले थोड्या नफ्यावर जास्त माल कसा काढायचा, उधारी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून दहा ठाण उलगडून दाखवायचा कंटाळा का करायचा नाही, हे पेढीवर बसून शिकली. माझ्या वर्गातले तीन विद्यार्थी असे शिकून पुढे स्वतःच्या दुकानाचे मालक झाले. गणितात ते काठावर पास होते, हे जाता जाता नमूद करतो. याउलट सिंधी मुले आमच्या शाळांत आली, मराठी शिकली, आणि आज गांधीनगरमध्ये जी मराठी बोलली जाते तिच्यात 'काय भावा' हे अस्सल कोल्हापुरी ढंगात येते. कुरबुरी झाल्याच नाहीत असे मी म्हणणार नाही. दुकाने, जागा, पाणी यांवरून कटकटी झाल्या, 'हे बाहेरचे येऊन मोठे झाले' हे वाक्य मी लहानपणी पारावर ऐकले आहे आणि सत्तरी ओलांडल्यावरही ऐकतो. तीन पिढ्या झाल्यावर माणूस बाहेरचा कसा राहतो, हे मला कुणी समजावून सांगितलेले नाही.

सिंधी समाजाने शिक्षणासाठी काय केले हेही आपण विसरतो. मुंबईत 1948 मध्ये जयहिंद महाविद्यालय सुरू झाले, ते कराचीहून विस्थापित होऊन आलेल्या प्राध्यापकांनी काढले. मुंबईतलेच के. सी. महाविद्यालय चालवणाऱ्या मंडळाचे नाव हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड असे आहे; त्यातले हैदराबाद निजामाचे नव्हे, सिंधमधले, हे त्या महाविद्यालयात शिकलेल्यांनाही पुष्कळदा माहीत नसते. साधू वासवानी यांनी 1933 मध्ये सिंधमधील हैदराबादेत मुलींसाठी सुरू केलेले शाळेचे कार्य फाळणीनंतर पुण्यात सेंट मीराज या नावाने पुन्हा उभे राहिले. घरदार, शेतीवाडी, पेढ्या मागे ठेवून आलेल्या लोकांनी डोक्यावर पक्के छप्पर येण्याच्या आधी शाळा-महाविद्यालयांच्या पावत्या फाडल्या. वळीवड्याच्या पोलिश बायांनी केले ते हेच नव्हे काय?

मात्र सिंधी निर्वासितांच्या वाट्याला एक नुकसान आले, जे त्या पोलिश मुलांना छावणीत तरी सोसावे लागले नाही. त्यांच्या भाषेला स्वतःचा प्रांत उरला नाही. अरबी वळणाच्या लिपीत लिहायचे की देवनागरीत, या वादात महत्त्वाची वर्षे गेली. 10 एप्रिल 1967 रोजी सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, तोवर सिंधी माध्यमात शिकून पुढे काय, असा प्रश्न आईबापांना पडू लागला होता. आज गांधीनगरमधील पस्तिशीच्या आतला माणूस आजोबांनी लिहिलेली खातेवही वाचू शकेलच असे नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात आजोबांच्या पत्रांचा गठ्ठा आहे. घरात माणसे नऊ, वाचता येणारे कुणी नाही. दुकान चालवण्याचे शिक्षण पिढ्यान् पिढ्या चालत आले, पण पत्र वाचण्याचे मधेच थांबले, आणि हे थांबवायला कुणी हुकूम काढला नव्हता.

हे सारे जुने झाले, असे कुणी म्हणेल. तसे ते नाही. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात 1972 पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. थंडीत आपल्या शहरांतील फुटपाथवर स्वेटर घेऊन बसणाऱ्या तिबेटी बायांशी आपण भाव करतो, पण त्यांची मुले कुठे आणि कोणत्या भाषेत शिकतात हे विचारत नाही. गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शी या भागांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावे आहेत. भारताने 1951 च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे कोण पाहुणा, कोण नागरिक आणि कोण घुसखोर हे त्या त्या वेळच्या सरकारी आदेशांवर आणि वर्तमानपत्रांतील भाषेवर ठरते. म्हणूनच वर्तमानपत्राने शब्द जपून वापरावेत, अशी माझी विनंती आहे. 'आश्रित' हा शब्द आपल्या लेखात चार वेळा आला आहे. सिंधी वडीलधाऱ्यांना 'शरणार्थी' म्हटलेले आवडत नसे. ते 'पुरुषार्थी' म्हणवून घेत. मराठीतला 'निर्वासित' हा शब्द निदान एवढेच सांगतो की या माणसाचे घर गेले आहे. तो कुणाच्या ताटात जेवतो हे त्यात नाही.

वळीवडे येथे संग्रहालय व्हावे, अशी चर्चा अधूनमधून होते. ते होणार असेल तर तिथे राजचिन्हे आणि पाहुण्यांचे हारतुरे यांआधी एक वर्ग मांडावा: बाके, फळा, पोलिश मुळाक्षरे आणि आता परक्या देशांत गेलेल्या गावांचा नकाशा. त्याच इमारतीत शेजारची खोली सिंधी कुटुंबांची असावी आणि तिच्यासाठी वस्तू गोळा करण्याचे काम गांधीनगरच्या शाळांतील मुलांकडे द्यावे, म्हणजे आजीला प्रश्न विचारण्याच्या निमित्ताने का होईना, त्यांच्या कानांवर ती भाषा पडेल. जी सिंधी मुले दहा-बारा वर्षांची असताना बराकींत आली, ती आज नव्वदीकडे झुकली आहेत किंवा नव्वदीपार आहेत. त्यांचे म्हणणे ध्वनिमुद्रित करण्यासाठी निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. भ्रमणध्वनी प्रत्येकाच्या खिशात आहे. विद्यापीठाच्या इतिहास आणि समाजशास्त्र विभागांतील विद्यार्थ्यांनी येत्या उन्हाळ्याच्या सुटीत हे काम अंगावर घेतले, तर ओळखीच्या दहा-बारा घरांची दारे मी स्वतः बरोबर येऊन उघडून देईन.

वडिलांची वहीदेखील मी संग्रहालयाला द्यायला तयार आहे. मात्र ती काचेखाली ठेवताना फक्त 'म्लेको'चे पान उघडे ठेवून भागणार नाही. एका वेळी एकच पान दिसणार असेल, तर एक महिना ते पान ठेवावे आणि पुढचा महिना 'खीरु'चे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त शिक्षक,
उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर